साथीत टेंडर माफ केलं हे ठीक, पण हिशोब पण माफ कसा काय?

हिशोबनीस
साथ पसरलेली असताना सरकारने टेंडर न काढता थेट खरेदी केली तर माझी काहीच हरकत नाही, जाहिरात देऊन तीन आठवडे थांबायचं म्हटलं तर तेवढ्यात माणसं जातील. पण टेंडरला वेळ नव्हता म्हणजे काय घेतलं, कुणाकडून घेतलं, कितीला घेतलं हे सांगायलाही वेळ नव्हता, असं कसं होतं? करार झाला, सही झाली, पैसे गेले, मग तो कागद लोकांना दाखवायला कुठला पेशंट ताटकळणार आहे?

ब्रिटनमधलं बघा. ३१ जुलै २०२० पर्यंत तिथे कोरोनासाठी १८ अब्ज पौंडांचे करार झाले आणि त्यातले १०.५ अब्जांचे स्पर्धेशिवाय थेट दिले, हे त्यांच्याच नॅशनल ऑडिट ऑफिसने मोजलेलं. मंत्री, खासदार, अधिकारी यांनी नावं सुचवलेल्या पीपीई (मास्क, हातमोजे, संरक्षक कपडे) पुरवठादारांसाठी तर वेगळी रांग होती, त्या रांगेतल्या साधारण दहातल्या एकाला काम मिळालं आणि बाकीच्यांत शंभरात एकालाही नाही. आणि त्या रांगेतून आलेल्या कंपन्यांची नावं सरकारने अधिकृतपणे सांगेपर्यंत नोव्हेंबर २०२१ उजाडला!! करार ३० दिवसांत जाहीर करायचे हा नियम होता, तो पाळला नाही म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये हायकोर्टाने आरोग्यमंत्र्यांनी बेकायदा वागल्याचा निकाल दिला. माझा राग थेट खरेदीवर नाहीये, या लपवालपवीवर आहे.

रात्रपाळी
असहमत. तुम्ही टेबलाच्या त्या बाजूने बोलताय. मी त्या काळात एका हॉस्पिटलच्या पर्चेसमध्ये होतो, नाव सांगत नाही. रात्री पुरवठादाराचा फोन यायचा की माल गाडीत आहे, अर्ध्या तासात अॅडव्हान्स टाका नाहीतर गाडी दुसरीकडे जाईल, आणि खरंच जायची, एकदा गेली पण. वरच्या मजल्यावर माणसं श्वासासाठी तडफडतायत आणि मी तुलनात्मक तक्ता करत बसू? केली सही. नंतर ऑडिट पॅरा, म्हणजे ऑडिटवाल्यांचा लेखी आक्षेप, आला की तीन कोटेशन का घेतली नाहीत. अहो, कोटेशन द्यायला तीन जण होते कुठे! शांत बाजारातला दर हातात धरून त्या रात्रीचा दर तपासतात आणि फरकाच्या रकमेला "टाळता येण्याजोगा खर्च" म्हणतात. असं झालं की पुढच्या साथीत कोणी सही करणार नाही, फाईल वर पाठवून मोकळे होतील, आणि त्यात जे जीव जातील ते कुठल्याच पॅरात येणार नाहीत.

आणि ब्रिटनचं सांगताय तर पूर्ण सांगा. २०२०-२१ च्या हिशोबात त्यांनी पीपीईचे ८.७ अब्ज पौंड बुडीत धरले यावर सगळीकडे बोंब झाली, पण त्यातले ४.७ अब्ज केवळ बाजारभाव नंतर पडला म्हणून होते. टंचाईत महाग घेतलं, टंचाई संपली, भाव पडला. यात चोर कोण?

हिशोबनीस
तो ४.७ अब्जांचा आकडा तुम्हाला कळला कसा? हिशोब जाहीर झाला म्हणूनच ना? त्याच यादीत २.६ अब्जांचा माल आरोग्यसेवेत वापरण्यालायक नव्हता आणि ०.६७ अब्जांचा सरळ सदोष होता हेही आहे. भाव पडणं आणि खराब माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या फोडीमुळेच कळतं, नाहीतर दोन्हीकडचे अधिकारी लोकांच्या नजरेत सारखेच चोर ठरले असते. तुमच्या बाबतीत जे झालं त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, पण त्याच आठवड्यात तुमचा दर, तारीख आणि बाकीच्यांनी घेतलेले दर सगळ्यांसमोर असते तर ऑडिटवाल्याला त्या रात्रीचा दर त्या रात्रीच्याच दराशी ताडून बघावा लागला असता. जाहीर कागद तुमच्याच बाजूने साक्ष देतो.

कडेकडेने
एक अडचण दोघांनीही बघितलेली नाही. जगातली सगळी सरकारं एकाच मालामागे धावत असताना मी काल कितीला घेतलं हे जाहीर केलं तर आज येणारा प्रत्येक विक्रेता तिथूनच बोलणी सुरू करणार. दर जाहीर करणं शांत काळात ग्राहकाच्या फायद्याचं असतं, टंचाईत ते विकणाऱ्याच्या फायद्याचं होऊ शकतं. लसींच्या कंपन्यांनी तर कित्येक देशांशी करारातच दर गुप्त ठेवायची अट घातली होती.

साठानोंद
सगळे करारावरच अडलेत. करार ही पहिली पायरी झाली, पुढे माल आला का, मोजून घेतला का, स्टॉक रजिस्टरला चढला का, वॉर्डात पोचला का, हे कोण बघतंय? सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या वेळी मे ते ऑक्टोबर २०१४ या काळातल्या खर्चाचं ऑडिट झालं, त्यात कितीतरी पेमेंटना आधाराचे कागदच नव्हते, आणि ज्या कर्मचाऱ्यांनी जीव धोक्यात घातला त्यांच्या जोखीम भत्त्याच्या वाटपातही गोंधळ होता. मला त्यातली मोठी गोष्ट ही वाटते की तो अहवाल फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, म्हणजे साथ अजून चालू होती. दक्षिण आफ्रिकेच्या महालेखापालांनीही २०२० मध्ये खर्च चालू असतानाच ऑडिट करून सप्टेंबरमध्ये पहिला अहवाल दिला. तीन वर्षांनी चूक दाखवून उपयोग काय, चालू असतानाच दाखवली तर पुढचं पेमेंट थांबवता येतं.

रात्रपाळी
चालू ऑडिट मला मान्य आहे, उलट हवंच आहे, कारण तो माणूस तेव्हा तिथे असेल तर परिस्थिती डोळ्यांनी बघेल. पण त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारा माणूस आणि सिलिंडरसाठी फोन फिरवणारा माणूस एकच असता कामा नये. आमच्याकडे तो एकच होता. जबाबदारी निश्चित करा म्हणताना एक जास्तीचा कारकून द्या असं कोणीच म्हणत नाही.

हिशोबनीस
हे बरोबर आहे, माझ्या पहिल्या पोस्टमध्ये हे यायला हवं होतं. युक्रेनमध्ये कोरोनाच्या खरेदीला टेंडर माफ होतं पण करार झाला की त्याचा अहवाल प्रोझोरो या सरकारी पोर्टलवर लगेच टाकणं बंधनकारक होतं. पोर्टल साथीच्या आधीपासून चालू होतं, लोकांना भरायची सवय होती. ऐन धावपळीत नवा फॉर्म काढला तर तो कोणीच भरणार नाही.

कडेकडेने, दराबद्दल मी एक पाऊल मागे येतो. पुरवठादार, त्याचा खरा मालक, मालाचं प्रमाण आणि एकूण रक्कम लगेच...

...नाही, एकूण रक्कम आणि प्रमाण दिलं तर भागाकार करून दर निघतोच, म्हणजे रक्कमही मागे ठेवावी लागेल. ठीक आहे, पण ती किती दिवसांनी उघडणार ती तारीख कराराच्या दिवशीच जाहीर झाली पाहिजे आणि ती पुढे ढकलायचा अधिकार खरेदी करणाऱ्या खात्याकडे नको.

कडेकडेने
हे चालेल. तारीख आधी ठरलेली असेल तर माझा आक्षेप नाही.

रात्रपाळी
खरा मालक कोण हे मी रात्री दोन वाजता कुठून शोधू? पुरवठादारानेच लिहून द्यावं आणि खोटं निघालं तर सगळे पैसे परत, हे कलम पर्चेस ऑर्डरच्या छापील नमुन्यात आधीपासून असू दे, मग त्याच्या खाली मी सही करेन. पण शांत बाजारातल्या दराशी तुलना करणारा पॅरा बंद होईल हे कुठेतरी लेखी पाहिजे. त्यावर अजून कोणी बोललं नाहीये.