डिस्क घ्याच, पण केबलचे की तेलाचे ते आधी बघा

पुण्यातून रविवारी घाट करायला रोड बाइक घ्यायची, तर डिस्क ब्रेकसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, असं तुम्ही विचारलंय. वर एकांनी 'रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर दाबणारे) पुरतात' म्हटलंय. कोरड्या रस्त्यावर पुरतात, मान्य. पण पावसात पसरणी घाट उतरून वाईला या, मग फरक कळेल. ओल्या रिमवरचं पाणी आधी पुसलं जातं, पकड त्यानंतर येते. शिवाय चिखल-वाळूने रिमच झिजते. डिस्कमध्ये झिजतात ते पॅड आणि ते ज्यावर दाबतात तो रोटर, म्हणजे चाकाच्या मध्याजवळची धातूची चकती.

मात्र नुसतं 'डिस्क' वाचून घेऊ नका. स्वस्त मॉडेलांत बहुधा केबलवाले मेकॅनिकल डिस्क असतात. त्यातल्या बऱ्याच कॅलिपरमध्ये (पॅड धरणारा भाग) एकच पॅड सरकतो आणि रोटरला दुसऱ्या पॅडवर दाबतो, त्यामुळे पॅड झिजतील तसं हाताने अ‍ॅडजस्ट करत राहावं लागतं. मी अशी सायकल दोन पावसाळे चालवली. लांब उतारावर बोटं अक्षरशः आखडायची. हायड्रॉलिकला, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्कला, एक-दोन बोटं पुरतात. बजेट ताणता आलं तर शिमानो कंपनीच्या टियाग्रा किंवा १०५ या पार्ट्सच्या संचातलं हायड्रॉलिक बघा.

थ्रू अ‍ॅक्सल (चाक फ्रेममध्ये घट्ट धरणारा आरपार दांडा) आहे का आणि निदान ३२ मिमीचा टायर बसतो का, हेही विचारा. आपल्या खड्ड्यांसाठी २५ मिमी नको.

आणि हो, शिमानोच्या हायड्रॉलिकला मिनरल ऑइल लागतं, स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या रोड ब्रेकना डॉट फ्लुइड (मोटारींच्या ब्रेकमध्ये असतं ते). अदलाबदल झाली तर सील खराब होतात, म्हणून सर्व्हिसिंगला देताना स्वतः बजावून सांगा.