शब्दचर्चा : भिंत ‘अलाइन’ करणे, ‘लॉक’ करणे आणि ‘कन्स्ट्रेंट’

रेखाटणी : रेव्हिटची (इमारतीचं मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरची) मराठी टिपणं लिहितो आहे. अलाइनला ‘संरेखन’ आणि कन्स्ट्रेंटला ‘निर्बंध’ चालेल का? आणि ‘भिंत लॉक करा’ हे तसंच ठेवू का?

ओळंबा : ‘संरेखन’ चुकीचं नाही, पण ‘ग्रिड आणि भिंत संरेखित करा’ (ग्रिड म्हणजे आखणीच्या संदर्भरेषा) असं लिहिलंत तर हलणार कोण ते कळत नाही. एएल (अलाइनचा शॉर्टकट) दाबल्यावर पहिली टिचकी जिच्यावर ती रेषा जागची हलत नाही. दुसरी टिचकी जिच्यावर ती वस्तू सरकते. ‘ग्रिडच्या ओळीत भिंत घ्या’ म्हटलं की टिचक्यांचा क्रम वाक्यातच येतो. नवखे नेमके इथेच उलटं करतात आणि भिंतीऐवजी ग्रिड सरकवून बसतात.

भिंतीची कोणती रेषा घ्यायची तेही लिहा. ऑप्शन्स बारवरच्या ‘प्रिफर’मध्ये चार पर्याय आहेत : भिंतीची मध्यरेषा, भिंतीच्या बाजू, गाभ्याचा (गिलावा सोडून मधल्या थराचा) मध्य, गाभ्याच्या बाजू. हवी ती रेषा उजळत नसेल तर टिचकीआधी टॅब दाबत राहायचं. गिलावा 15 मिमीचा असेल तर गिलाव्याची बाजू आणि गाभ्याची बाजू यांत तेवढाच फरक असतो, झूम न करता तो सहज दिसतही नाही.

गुण्या : ‘लॉक’ मोघम आहे. एक म्हणजे पिन : भिंत जागेवर खिळते, हाताने सरकत नाही. दुसरं म्हणजे अलाइन केल्या केल्या दिसणारं कुलूप. ते बंद केलं तरच दोन वस्तूंचं नातं टिकतं, नाहीतर अलाइन हे एकदाच सरकवून मोकळं होणं आहे. पहिल्याला ‘खिळवणे’, दुसऱ्याला ‘जखडणे’ म्हणा.

रेखाटणी : मग ‘निर्बंध’?

गुण्या : कुलपासाठी नको. निर्बंध एकाने दुसऱ्यावर घातलेला असतो, हे बंधन दुतर्फी आहे. ग्रिड हलवली की जखडलेली भिंत मागे येते. ग्रिड खिळवलेली नसेल तर भिंत ओढल्यावर ग्रिडही येते आणि त्या ग्रिडला जखडलेलं बाकी सगळं पण. म्हणून ग्रिड आधी पिन करायची. ‘बंधन’ बरं.

ओळंबा : सहमत, पण भिंतीचा तळ आणि माथा ठरवणाऱ्या बेस आणि टॉप कन्स्ट्रेंटला ‘बंधन’ लावू नका. ते एकतर्फी आहेत : लेव्हल (मजल्याची पातळी) हलली की भिंत ताणली जाते, भिंतीमुळे लेव्हल कधी हलत नाही. ‘तळपातळी’ आणि ‘माथापातळी’ पुरे. टॉप कन्स्ट्रेंट ‘अनकनेक्टेड’ असेल तर ‘सुटी उंची’ म्हणा. मजला 3000 वरून 3300 मिमी केला तरी सुटी भिंत 3000 च राहते, वर 300 ची फट. प्लॅनमध्ये ती दिसत नाही, सेक्शन काढला की उघडी पडते.

रेखाटणी : आणि लोकेशन लाइन? ‘स्थानरेषा’ लिहिलंय.

ओळंबा : छान. प्रकार बदलताना भिंत ज्या रेषेवर जागा धरून राहते ती ही. फक्त ती अलाइनच्या रेषेपासून वेगळी आहे हे उदाहरणाने दाखवा. 200 मिमी गाभा आणि दोन्हीकडे 15 गिलावा अशी 230 ची भिंत, बाहेरची बाजू स्लॅबच्या कडेच्या ओळीत घेतलेली, कुलूप उघडं, स्थानरेषा मध्यावर. प्रकार बदलून 130 ची केली की भिंत मध्याच्या दोन्हीकडून आकसते आणि बाहेरची बाजू कडेपासून 50 मिमी आत जाते. स्थानरेषा आधीच बाहेरच्या बाजूवर ठेवली असती तर ती बाजू जागची हलली नसती, कुलपाची गरजही नव्हती. आता उगाच बाजू एकीकडे आणि मध्य दुसरीकडे जखडलात, तर जाडी बदलताना दोन्ही पाळणं जमत नाही आणि ‘कन्स्ट्रेंट्स आर नॉट सॅटिस्फाइड’ समोर येतं. तिथे घाईने बंधन काढण्याचं बटण दाबलं की कोणतं तुटलं हेही लक्षात राहत नाही.

गुण्या : बंधनं शोधायला व्ह्यू कंट्रोल बारवर ‘रिव्हील कन्स्ट्रेंट्स’ आहे, त्याला ‘बंधनं उघड करा’ लिहा. एक तळटीप हवीच : कुलूपबंद डायमेन्शन (मापरेषा) पुसलं तरी बंधन मागे राहतं. पुसताना येणाऱ्या सूचनेत ‘अनकन्स्ट्रेन’ निवडलं तरच ते सुटतं. बरेच जण ‘ओके’ करून पुढे जातात, मग भिंत का हलत नाही म्हणून पिन शोधत बसतात.