डीप ब्ल्यूचा वेग आणि आजची बुद्धिबळ इंजिने : आकड्यांची तुलना कशी करावी?

पटावरचा_पांथस्थ :
१९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये गॅरी कास्पारोव्हला ३.५–२.५ असे हरवणारा आयबीएमचा बुद्धिबळ संगणक डीप ब्ल्यू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे, हे सर्वत्र वाचायला मिळते. त्यानंतर नऊ वर्षांनी, २००६ मध्ये बॉन येथे डीप फ्रिट्झ या बुद्धिबळ प्रोग्रॅमने तत्कालीन जगज्जेत्या व्लादिमिर क्रॅमनिकला ४–२ असे हरवले, तेव्हा तो इंटेलचे दोन कोअर टू ड्युओ प्रोसेसर असलेल्या संगणकावर चालत होता आणि सेकंदाला जेमतेम ८० लाख स्थिती पाहत होता. वेग पंचविसाव्या हिश्श्यावर आला असताना खेळ कमकुवत कसा झाला नाही? की हे दोन आकडे मुळात एकाच गोष्टीचे नाहीत? यंत्ररचनेच्या अंगाने कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

घोडेस्वार६४ :
आपली शेवटची शंका बरोबर दिशेने जाणारी आहे, पण आधी त्या यंत्राची रचना पाहू. डीप ब्ल्यू म्हणजे आयबीएमचा आरएस/६००० एसपी जातीचा ३० नोडांचा (एकत्र जोडलेल्या स्वतंत्र संगणकांचा) संगणक आणि त्याला जोडलेल्या, केवळ बुद्धिबळासाठी घडवलेल्या ४८० चिप. प्रत्येक नोडवर १६ चिप होत्या. शक्य चालींच्या झाडासारख्या फुटत जाणाऱ्या शोधाच्या वरच्या पातळ्या सर्वसाधारण प्रोसेसरांवर सॉफ्टवेअरने हाताळल्या जात आणि फांदीच्या टोकाकडच्या शेवटच्या काही चालींचा शोध चिपकडे सोपवला जाई. कायदेशीर चाली तयार करणे, स्थितीचे मूल्यमापन करणे आणि फांद्या छाटणे ही सगळी कामे चिपच्या सर्किटमध्येच होत असल्यामुळे एक चिप सेकंदाला २० ते २५ लाख स्थिती पाहू शकत असे.

आता गुणाकार करून पाहा. ४८० चिपचा वेग १०० कोटींच्या आसपास भरतो, मग प्रत्यक्षात २० कोटीच का? कारण अल्फा-बीटा पद्धत, म्हणजे निकालावर परिणाम करू न शकणाऱ्या फांद्या न पाहताच छाटण्याची रीत, स्वभावतः क्रमाने चालणारी आहे : पहिल्या चालीचा निकाल हाती आल्यावरच दुसरीच्या कोणत्या फांद्या पाहण्याची गरज नाही ते कळते. शेकडो चिप एकाच वेळी कामाला लावल्या की काही रिकाम्या बसतात आणि काही अशा फांद्या चाळतात ज्या थोडे थांबले असते तर छाटल्याच गेल्या असत्या. जाता जाता, जगातल्या सर्वांत वेगवान संगणकांच्या जून १९९७ च्या टॉप ५०० यादीत हा संगणक ११.३८ गिगाफ्लॉप्ससह (सेकंदाला ११.३८ अब्ज गणिते) २५९ व्या स्थानावर होता, हे अनेकजण कौतुकाने सांगतात. परंतु ती यादी समीकरणे सोडवण्याचा वेग मोजते, त्यामुळे बुद्धिबळाच्या चिपचा तिच्यात काहीच हिशेब नाही.

उंटावरचा_शहाणा :
वरील प्रतिसादाला हिशेबाची जोड देतो. साधारण स्थितीत ३५ च्या आसपास चाली शक्य असतात. अल्फा-बीटा छाटणी आदर्श रीतीने झाली, तर प्रत्येक अर्ध्या चालीगणिक (म्हणजे एका खेळाडूच्या एका चालीगणिक) काम ३५ पट न वाढता ३५ च्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे ६ पट वाढते. या दराने पंचवीस पट वेग असला तरी पदरात पडतात दोनहून कमी अर्ध्या चाली! उलट कमकुवत दिसणाऱ्या चालींचा शोध आखूड करणे, पाहिलेली स्थिती तक्त्यात जपून पुन्हा न शोधणे अशा युक्त्यांनी हा दर ३ वर आणता आला, तर एका चालीला साधारण तीन मिनिटे धरून, तेवढ्या वेळात ८० लाखांच्या वेगाने पाहिलेल्या १४४ कोटी स्थिती १९ अर्ध्या चालींपर्यंत पोहोचतात. दर ६ असताना डीप ब्ल्यूच्या ३,६०० कोटी स्थिती १३–१४ वरच संपतात. माझा हा हिशेब ढोबळ आहे, पण बॉनच्या सामन्यात फ्रिट्झ मध्यडावात सरासरी १७–१८ अर्ध्या चालींपर्यंत पाहत होता, हे त्याच्याशी जुळते. डीप ब्ल्यूच्या चिपना स्वतःच्या शोधात असा तक्ता वापरण्याची सोय नव्हती, म्हणजे तीच स्थिती वेगळ्या क्रमाने आली की पुन्हा पहिल्यापासून शोध.

मात_की_पात :
दोन्ही प्रतिसाद उत्तम, तरीही यंत्राचे महत्त्व इतके कमी लेखू नये, असे मला वाटते. बॉनच्या दुसऱ्या डावात क्रॅमनिकने एका चालीत होणारी मात पाहिलीच नाही. त्या निकालाचे सगळे श्रेय फ्रिट्झच्या खोलीला देता येत नाही. २००५ मध्ये लंडनला ग्रँडमास्टर मायकेल ॲडम्सला ५.५–०.५ असे नमवणारा हायड्रा हा बुद्धिबळ संगणक पुन्हा गरजेनुसार जुळणी बदलता येणाऱ्या एफपीजीए चिपवरच आधारलेला होता, आणि तोही सेकंदाला २० कोटींच्या घरात होता. केन थॉम्पसन यांनी बेल या आपल्या बुद्धिबळ यंत्रावर केलेल्या प्रयोगांत तर एक अर्धी चाल अधिक खोल पाहणारी आवृत्ती सुमारे २०० मानांकन गुणांनी वरचढ ठरत होती. वेग खोलीत उतरतो आणि खोली गुणांत, हे नाकारता येत नाही.

घोडेस्वार६४ :
नाकारत नाही. मात्र थॉम्पसन यांचा प्रयोग उथळ शोधांपुरता होता. खोली वाढत जाते तसा पुढच्या प्रत्येक अर्ध्या चालीचा फायदा घटतो. शिवाय एकेका स्थितीवर किती विचार केला, हे कोणत्याच आकड्यात दिसत नाही. २०१७ मध्ये स्वतःशी खेळून शिकलेला डीपमाइंडचा प्रोग्रॅम अल्फाझीरो चार टीपीयूंवर (न्यूरल जाळ्यांच्या गणितासाठी गूगलने घडवलेल्या चिपवर) सेकंदाला ८०,००० स्थिती पाहत होता आणि समोरचे स्टॉकफिश हे इंजिन ७ कोटी. शंभर डावांत अल्फाझीरोने एकही गमावला नाही.

पटावरचा_पांथस्थ :
मग महासंगणकाची गरज आता संपली, असे म्हणावे का?

उंटावरचा_शहाणा :
खेळण्यापुरती संपली; शिकण्यासाठी नाही. त्याच अल्फाझीरोच्या प्रशिक्षणात स्वतःशीच डाव खेळवण्यासाठी ५,००० टीपीयू लावले होते. स्टॉकफिशनेही २०२० पासून लहान न्यूरल जाळे स्वीकारले आहे, पण ते असे रचलेले आहे की एखादी सोंगटी हलल्यावर सगळे गणित नव्याने न करता बदललेला भागच सुधारावा लागतो, आणि म्हणून ते ग्राफिक्स कार्डाशिवाय साध्या प्रोसेसरवर वेगाने चालते. लीला चेस झीरो या दुसऱ्या इंजिनाचे जाळे त्याहून बरेच मोठे असल्याने तिला मात्र ग्राफिक्स कार्ड लागते. या दोघांच्या स्थिती-प्रतिसेकंद आकड्यांची तुलना करण्यापेक्षा दोघांना समान वेळ देऊन समोरासमोर खेळवलेले डाव पाहावेत.