फॅदम म्हणजे सहा फूट, मग 'कळणं' कुठून आलं?

पार्ल्याची ताई: भाचा अकरावीत आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी गोष्टीत 'आय कॅनॉट फॅदम हिज सायलेन्स' आलं आणि मोबाइलवर अर्थ काय तर सहा फुटांचं माप. तो विचारतो, मावशी, गप्प बसणं फुटात कसं मोजतात? अशा वेळी मूळ अर्थ सांगायचा की लाक्षणिक अर्थ सरळ पाठ करून घ्यायचा? शिकवणाऱ्यांनी सांगा प्लीज.

निवृत्त मास्तर: मूळ अर्थ सांगाच. दोरीला शिसं बांधून समुद्रात सोडायचे, तळ लागला की खोली कळायची. आपण 'त्याच्या मनाचा थांग लागत नाही' म्हणतो ना, तेच हे, थांग म्हणजे तळच. पोराला आधीपासून येतंय ते, फक्त दाखवून द्यायचंय.

रोजचा डोंबिवली फास्ट: सर, प्रत्येक शब्दाचं असं खणत बसलं तर गोष्ट संपणार कधी? डेडलाइन मूळची अमेरिकन यादवी युद्धातल्या तुरुंगातली, रेघ ओलांडली की गोळी. हे माहीत नसून अख्ख्या मुंबईला डेडलाइन कळते. मागचंपुढचं वाक्य वाचून अंदाज करू दे त्याला, सवय तीच लागायला हवी.

मास्तर: डेडलाइनला मराठीत मुदत आहे.

डोंबिवली फास्ट: मुदत अरबीतून आलाय सर.

वरळीकर कोळी: आमच्यात पाणी अजून वावात सांगतात, दहा वाव, पंधरा वाव. दोन्ही हात पसरले की एक वाव. आणि फॅदम पण मुळात पसरलेले हातच, जुन्या इंग्रजीत मिठीला पण तोच शब्द होता. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात वांव काढून बघा, फॅदमच दिलंय. शाळेत हे कोणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

पार्ल्याची ताई: किती सुंदर! मग 'सुधारणेला वाव आहे' मधला वाव हाच का, हात पसरायला जागा?

मास्तर: ताई, ताणू नका. आजी मापाचा वांव नाकात म्हणायची, जागेचा वाव साधा. दोन शब्द वेगळे.

वरळीकर कोळी: आमची आजी दोन्ही सारखेच म्हणायची, आणि ती रोज मोजायची.

मास्तर: १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे अनुस्वार लिहिण्यातून गेले म्हणून आज सारखे दिसतात, तेव्हाच विरोध व्हायला हवा होता.

डोंबिवली फास्ट: अनुस्वार गेले तेच बरं झालं. बाकी भाच्याने पुढचं पान वाचलं का?