मदत हवी आहे: लग्नाचे फोटो उघडत नाहीत, शनिवारी अल्बम द्यायचाय

शटरवाला: कालपासून एकही फोटो उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावामागे काहीतरी चिकटलंय. अँटिव्हायरस फिरवून झाला, फरक शून्य. पार्टीचे फोनवर फोन. सॉफ्टवेअर सुचवा, जरा लवकर.

खटपट्या: 'काहीतरी' म्हणजे काय? चार अक्षरं? फोल्डरमध्ये रीडमी नावाची टेक्स्ट फाइल आहे का?

लिनक्सवेडा: म्हणून म्हणतो, विंडोज काढून लिनक्स टाका. बारा वर्षांत अँटिव्हायरसचं तोंड पाहिलेलं नाही.

शटरवाला: हो, चार अक्षरं. रीडमीत ९८० डॉलर मागितलेत, ७२ तासांत संपर्क केला तर ४९०. @लिनक्सवेडा, माझं अल्बमचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का?

खटपट्या: स्टॉप-डीजेव्हीयू रॅन्समवेअर दिसतंय, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. हे बहुतेकदा क्रॅकमधून, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर चोरून फुकट वापरायच्या जुगाडातून येतं. काय टाकलं होतंत? आणि नोटमधला पर्सनल आयडी 'टी१'ने संपतो का? तसं असेल तर एम्सिसॉफ्ट कंपनीच्या फुकट टूलने सुटायची थोडी आशा आहे.

शटरवाला: टी१ नाही. परवा पोराने स्किन रिटचचं प्लगिन टाकलं. अँटिव्हायरस बंद करा असं त्यातच लिहिलं होतं, म्हणून केला.

गच्चीवरून: चोर म्हणाला कुलूप काढा, आपण काढलं.

निवृत्त_बँकर: ओटीपी कुणालाही सांगू नये. पैसे गेले असल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा.

शटरवाला: काका, पैसे नाही, फोटो गेलेत.

गच्चीवरून: विंडोज अपडेट ठेवत जा हो. २०१७ च्या वॉनाक्राय या असल्याच खंडणीच्या व्हायरसवरचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मार्चमध्येच आला होता, हल्ला मेमध्ये झाला.

खटपट्या: इथे अपडेटचा काय संबंध? यांनी स्वतः दार उघडलंय.

कोपऱ्यावरचा: आमच्याकडे एक जण आठ हजारात उघडून देतो. नंबर खाजगी मेसेजमध्ये पाठवू?

खटपट्या: किल्ली नसताना कसा उघडणार? असे दलाल गुपचूप खंडणी भरतात आणि वर आपलं कमिशन लावतात.

सांजवेळ: मीही लग्नं शूट करते. बॅकअप? आणि मेमरी कार्डं कुठेयत?

शटरवाला: बॅकअपची हार्डडिस्क मशीनलाच लावलेली होती, तीही गेली. कार्डं दोन. एकावर रविवारी बारसं शूट केलं, दुसरं कॅमेऱ्यात फॉरमॅट करून बॅगेत टाकलंय.

सांजवेळ: अहो, हे आधी सांगायचं! दोन्ही कार्डांची लॉकची पट्टी खाली सरकवा, दुसऱ्या मशीनवर फोटोरेक चालवा, उडालेले फोटो परत काढायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे. फाइलींची नावं जातात, क्रम लावताना घाम निघेल. बारशाने जेवढी जागा खाल्ली तेवढंच गेलं असेल.

खटपट्या: लॉक झालेले व्हिडिओ उडवू नका. हा प्रकार फाइलीचे सुरुवातीचे साधारण १५० केबीच लॉक करतो, मागचं कधीकधी दुरुस्त होतं. याच्यासोबत पासवर्ड चोरणारं पिल्लूही येतं, तेव्हा मेल-बँकेचे पासवर्ड बदला. त्या मशीनवरून नव्हे!

शटरवाला: रात्रभर बसलो. बॅगेतल्या कार्डातून हळद, सप्तपदी सगळं निघालं. दुसऱ्यावर अंतरपाट होता, तिथे आता पाळणा आहे. वधूच्या मामांना काय सांगू?

लिनक्सवेडा: फोटोरेक लिनक्सवरही चालतं बरं का.