मदत हवी आहे : एमए इतिहासच्या प्रकल्पासाठी वाचायचं किती?

हळदबाजार (सांगली) : दुसरं वर्ष. विषय घेतलाय 'साताऱ्याचं प्रतिसरकार', म्हणजे इंग्रज राजवटीला समांतर चालवलेलं लोकांचं सरकार. यादीत वीसेक पुस्तकं झालीत. सगळी पहिल्या पानापासून वाचायची का? प्लॅगरिझम किती टक्के चालतं?

मेणवलीघाट : एवढा विषय ठेवलात तर पन्नास पुस्तकंही पुरायची नाहीत. आधी तो कापा. 'तासगाव तालुक्यातली न्यायदान मंडळं, 1943 ते 1946' असं काहीतरी धरा. मग प्रत्येक पुस्तकाची अनुक्रमणिका आणि शेवटची सूची बघायची; तालुक्याचं, गावाचं, मंडळांचं नाव जिथे येतं ती प्रकरणं नीट वाचायची, बाकीची चाळायची. अथपासून इतिपर्यंत वाचण्यासारखी दोन-तीनच निघतील. विश्वकोशातली नोंद तोंडओळखीपुरती ठीक, संदर्भ म्हणून नको.

टिपणं काढताना वहीचं पान उभं दुभागा. डावीकडे पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं, अवतरणचिन्हात, पान क्रमांकासकट. उजवीकडे पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत. हे टाळलं की दोन महिन्यांनी कुठलं वाक्य कोणाचं तेच कळत नाही. बहुतेक उचलेगिरी तिथेच होते, मुद्दाम नव्हे.

आणखी एक खड्डा. त्या काळच्या कागदांत तासगाव, वाळवा हे सातारा जिल्ह्यातच आहेत. दक्षिण सातारा वेगळा झाला 1949 मध्ये, 'सांगली' हे नाव 1960 मध्ये मिळालं. सांगली जिल्हा म्हणून दप्तर मागाल तर रिकाम्या हाताने परताल.

कोरेगावरोड : टक्क्यांचं सांगतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40 मध्ये सुधारून पुन्हा द्यावं लागतं, मुदत जास्तीत जास्त सहा महिने. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश मोजत नाहीत. पण 8 टक्के आले म्हणून निर्धास्त राहू नका. ते आठही एकाच प्रकरणात असले तर गाईड विचारणारच. मधेच भाषा बदलली की वाचणाऱ्याला लगेच कळतं, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

हळदबाजार : गाईड म्हणतात, आधी प्रस्तावना लिहून आणा.

मेणवलीघाट : दीड पानाचा आराखडा न्या : प्रश्न, कालखंड, साधनं, प्रकरणं. पक्की प्रस्तावना सगळ्यात शेवटी. आत्ता लिहिलीत तर साधनं हाती आल्यावर पुन्हा फाडावी लागेल.