मदत हवी आहे : रोलर कोस्टरचा शेवटचा डबा रुळावरून उडतो

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरचे. लेक नववीत आहे, विज्ञान प्रदर्शनासाठी रोलर कोस्टर करतेय. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचे दोन रूळ, काडेपेटीएवढे पाच डबे. पहिल्या उतारावर गाडी झकास सुटते, पण पुढचा उंचवटा ओलांडताना शेवटचा डबा टुणकन उडतो. पहिला मात्र कधीच नाही!

कारण समजलंय. गाडीचा मध्य माथ्यापलीकडे गेला की पुढचे डबे मागच्याला खेचतात, त्यामुळे माथ्यावरून उतरू लागताना तोच सर्वात वेगात असतो. खऱ्या कोस्टरला म्हणूनच चाकं तीन तऱ्हेची : रुळावर, बाजूला आणि रुळाखालून धरणारी. खालच्या चाकाचं पेटंट अमेरिकेत कोस्टर रचणारे जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये घेतलं.

तशी खालची चाकं एवढ्याशा डब्याला कशी बसवायची? रुळाच्या आधाराचे खांब नेमके आडवे येतात. शिवाय आणलेल्या छोट्या बेअरिंगना खाऱ्या वाऱ्याने आठ दिवसांत गंज धरला. नायलॉनची चाकं चिपळूण-रत्नागिरीकडे कुठे मिळतील का?

उंचवटा पसरट केला तर प्रश्न सुटेल, पण पोटात गोळा आणणारी ती जागा पोरीला हवीच आहे. प्रदर्शनाला दोन आठवडे उरलेत. कुणी असं काही केलं असेल तर कृपया सांगा.